तिऱ्हाईताची पत

१ जुलै १९४६ ही तारीख शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात नसते. मी तीस वर्षे अकोल्यात इतिहास शिकवला, तरी तिच्याशी माझी गाठ पडली ती निवृत्तीनंतर. त्या दिवसापासून हिंदुस्थानात मोटर रस्त्यावर आणायची तर तिचा विमा उतरवणे सक्तीचे झाले. मोटर वाहन कायदा १९३९ चा. पण त्यातले विम्याचे आठवे प्रकरण महायुद्धाच्या धामधुमीत मागे पडले होते, ते त्या दिवशी लागू झाले. मालकाच्या गाडीचे काय होते याच्याशी या प्रकरणाला कर्तव्य नव्हते. ती फुटली, जळाली, नाल्यात गेली, तर तो मालकाचा प्रश्न. कायद्याला काळजी होती ती गाडीखाली येणाऱ्याची. विम्याच्या करारात पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा कोणीही, ज्याने या करारावर कधी सही केलेली नाही. इंग्रजीतल्या थर्ड पार्टीसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, आणि तो कायद्याच्या शब्दापेक्षा अधिक बोलका आहे: तिऱ्हाईत.

बार्शीटाकळी तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होती. कालंका देवीच्या देवळातला शके १०९८ चा शिलालेख मिरवणाऱ्या या गावात त्या काळी वाहन म्हणजे बंडी, नाहीतर पाहुण्यांसाठी दमणी. बंडीला विमा लागत नव्हता, कारण कायदा मोटरीपुरता होता. आणि बंडी कोणाची, हाकणारा कोण, त्याचा बाप कोण, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असे. गावात तिऱ्हाईत नावाचा प्राणी आठवडी बाजारालाच काय तो दिसायचा.

या विषयात मी शिरलो त्याला घरचे निमित्त झाले. माझी धाकटी मुलगी २०१९ च्या शेवटी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, टोरांटोजवळच्या ब्राम्पटन शहरात राहायला गेली. तिथे तिने सात वर्षे वापरलेली टोयोटा कोरोला साडेसात हजार डॉलरला घेतली. त्या गाडीच्या एका वर्षाच्या विम्याचा पहिला आकडा तिला सांगितला गेला तो चार हजार आठशे डॉलरचा. दीड वर्षाच्या विम्यात गाडी येते हे गणित मला फोनवर पटेना. हा आकडा कुठून येतो हे शोधताना मी जुन्या कायद्यांपर्यंत पोहोचलो. कायद्याने रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला संरक्षण दिले, हे झाले. पण सुकाणू धरणाराच जर त्या देशात तिऱ्हाईत असेल, तर त्याची किंमत कशी ठरते?

आधी शब्दाकडे पाहू. विमा हा शब्द फारसी 'बीम'वरून आला. बीम म्हणजे भय. मोटर येण्याच्या कितीतरी आधी आपल्या व्यापाऱ्यांना भयाचा हिशेब करता येत होता. जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता. माल पाठवणारा त्या मालावर हुंडी करून पैसे उचलायचा, आणि अट अशी की माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीची रक्कम देणे लागते. वाटेत माल बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. एकाच कागदात कर्ज आणि विमा. हुंडी घेणारा सावकार मालाकडे पाहायचा तितकाच माणसाकडे पाहायचा: याने आधी किती माल पाठवला, किती पोहोचला, पेढी कुठली, कोणाच्या ओळखीने आला. या सगळ्याला मिळून एक शब्द आहे, पत. पत पेढ्यांच्या जाळ्यातून प्रवास करी. जाळे संपले की पतही संपली. वऱ्हाडच्या कापसावर अकोल्यात उभ्या राहिलेल्या मारवाडी पेढ्या परमुलखातून इथे येऊन पाय रोवू शकल्या, कारण त्यांच्यामागे त्यांचे जाळे होते.

मोटरीच्या विम्याची सुरुवात मात्र अमेरिकेतली. १८९८ मध्ये ट्रॅव्हलर्स कंपनीने बफेलो शहरातल्या डॉ. ट्रूमन मार्टिन यांना मोटर चालवताना दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीबद्दल पॉलिसी दिली. रस्त्यावर तेव्हा घोडेच जास्त होते, आणि मोटरीच्या आवाजाने घोडा बिथरणे हीच मोठी जोखीम. बफेलो हे ऑन्टारियोच्या अगदी सीमेवरचे, नदी ओलांडली की कॅनडा. सक्ती यायला मात्र वेळ लागला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून ती आणली, ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने, आणि आपला १९३९ चा कायदा त्याच वळणावर गेला. ऑन्टारियोने सक्ती केली ती थेट १९८० मध्ये. या बाबतीत बार्शीटाकळी ब्राम्पटनच्या चौतीस वर्षे पुढे होती, हे मी मुलीला आवर्जून सांगितले. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

खरा फरक सक्तीच्या तारखेत नाही, मोजमापात आहे. आपल्याकडे १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. देशातल्या १०७ कंपन्या चार सरकारी कंपन्यांत मिळवल्या गेल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर एका छापील तक्त्यावर चालत. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, पण तिऱ्हाईताच्या विम्याचा दर आजही अधिसूचनेने ठरतो. कसा? खाजगी मोटरीचा इंजिनच्या घनक्षमतेवर. हजार सीसीपर्यंत एक, हजार ते दीड हजार दुसरा, त्यापुढे तिसरा. १ जून २०२२ पासून मधल्या गटाचा वार्षिक दर ३,४१६ रुपये आहे. गाडी अठरा वर्षांचा पोरगा चालवो की चाळीस वर्षे निर्धोक चालवणारा ड्रायव्हर चालवो, दर तोच. स्वतःच्या नुकसानीच्या भागात गाडीचे वय, किंमत आणि विभाग पाहिला जातो. मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ महानगरे 'ए' विभागात. बाकी सगळा देश 'बी'त. बार्शीटाकळी अर्थातच 'बी', म्हणजे थोडी स्वस्त. प्रस्तावपत्रात चालकाविषयी दोन-चार प्रश्न असतात, पण आकडा त्यांच्यामुळे फारसा हलत नाही. आपला विमा गाडी ओळखतो.

तिकडचा विमा माणूस ओळखतो. किती वर्षे परवाना आहे, किती अपघात, किती दंड, राहतो कुठे, रोज किती किलोमीटर जातो. ऑन्टारियोत पत्त्याच्या पोस्टल कोडवर दर बदलतो, आणि ब्राम्पटनचे नाव महागड्या ठिकाणांच्या यादीत नेहमी वर असते. कर्जाची पत पाहून मोटर विम्याचा दर ठरवायला मात्र तिथे बंदी आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती पाहतात. हिवाळ्याचे टायर लावले तर सूट द्यावीच लागते, असा २०१६ पासून नियम आहे. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या पोरीला टायरलाही ऋतू असतात हे तिथे कळले.

म्हणजे गाडी घेण्याचा क्रमच उलटा. आमच्या पिढीला गाडी मिळणे कठीण होते. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. विमा तर काय, एजंट घरी येऊन चहा पीत उतरवून जाई. तिकडे गाडी एका दुपारी मिळते. खाजगी विक्रेत्याने जुन्या गाडीसोबत सरकारी माहितीचे एक पाकीट द्यायचे असते. त्यात आधीचे मालक, गाडीवरचे कर्ज, सगळे छापलेले. आपल्या आरसी बुकातल्या हायपोथिकेशनच्या शेऱ्यासारखेच, पण अधिक तपशिलाने. आणखी एक गंमत: तिथे १९८२ पासून नंबर प्लेट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली की विकणारा प्लेट काढून घरी नेतो आणि पुढच्या गाडीला लावतो. आपल्याकडे एमएच-३० म्हटले की ती अकोल्याची गाडी. माणूस बदलला तरी नंबर गाडीला चिकटलेला.

नंबरावरून वऱ्हाडचा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नव्या राज्यात नवखे होण्यासाठी वऱ्हाडी माणसाला घर सोडावे लागले नाही. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. माणसे जागेवर, कागद फिरले. १९९८ मध्ये वाशीम वेगळा जिल्हा झाला आणि तिकडच्या गाड्यांना ३७ क्रमांक मिळाला. बार्शीटाकळी अकोल्यातच राहिली म्हणून ३० वाचला. आजही एका राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक दुसऱ्या राज्यात ठेवली तर १९८८ च्या कायद्याने नवी नोंदणी लागते, आणि त्यासाठी जुन्या कार्यालयाचे ना हरकत पत्र. या कटकटीतून बदल्यांच्या नोकरीवाल्यांना सोडवायला २०२१ मध्ये बीएच मालिका काढली. देशातल्या देशात गाडीचा पूर्वेतिहास पोहोचवायला एवढी वर्षे लागली, मग माणसाचा समुद्रापार पोहोचवायचा म्हणजे काय!

मुलीच्या परवान्याची कथा अशी. तिने २००७ मध्ये अभियांत्रिकीला असताना अमरावतीत परवाना काढला. त्यानंतर बारा वर्षे ती माझी मारुती ८०० चालवत होती: अकोला, बार्शीटाकळी, कारंजा, पावसाळ्यात पातूरचा घाट. कॅनडा स्थलांतरितांना गुण देऊन निवडतो. ही पद्धत १९६७ पासूनची, आणि तिच्यामुळेच वंश न पाहता शिक्षण, भाषा, अनुभव पाहिला जाऊ लागला. आपली हजारो मराठी घरे त्या दाराने आत गेली. मुलीच्या पदवीला गुण मिळाले, नोकरीच्या वर्षांना मिळाले. परवान्याच्या बारा वर्षांचे मात्र तसे नव्हते. नव्याने राहायला आलेल्याला आपल्या देशाच्या परवान्यावर साठ दिवस गाडी चालवता येते. पुढे ऑन्टारियोचा परवाना काढावा लागतो, आणि तिथे १९९४ पासून टप्प्याटप्प्याचा परवाना आहे: आधी जी-वन, मग जी-टू, मग पूर्ण जी. काही देशांचे परवाने थेट बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. भारतीय चालकाने आपला अनुभव सांगितला तर जास्तीत जास्त बारा महिने नुसत्या शब्दावर धरतात. त्याहून जास्त धरायचे असतील तर परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा वकिलातीचे लेखी पत्र.

जी-वनवर असताना शेजारी चार वर्षांचा अनुभवी चालक बसलाच पाहिजे. ओळखीचे एक मराठी गृहस्थ शनिवारी येऊन शेजारी बसत. इकडे गावातले आमचे जुने मेकॅनिक हे ऐकून म्हणाले, "काऊन सर, विमानात बसली तं पोरगी गाडी चालवाचं भुलली का?" मला उत्तर सुचले नाही.

जाताना तिने आंतरराष्ट्रीय परवाना नेला होताच. आपल्या परिवहन कार्यालयात तो एक वर्षासाठी मिळतो. १९४९ च्या जिनिव्हा करारातली ही करडी पुस्तिका. पुष्कळांना वाटते की ही परदेशातली शिफारस आहे. ती आपल्या परवान्याचे भाषांतर आहे, एवढेच. धारक कसा चालवतो याबद्दल ती अक्षर बोलत नाही.

मग पत्रासाठी माझी धावपळ. पहिला परवाना एका कार्यालयाचा, पत्ता बदलून नूतनीकरण दुसऱ्या कार्यालयाचे. दुसऱ्याने दिलेल्या पत्रात त्याच्याकडे नोंद असलेली वर्षे होती, आधीची नव्हती. पहिल्या कार्यालयातल्या बाबूंनी जुने रजिस्टर काढून दिले, पण मधे २०२० चा मार्च आला. इकडे कार्यालय बंद, तिकडे चाचणी केंद्रे बंद. सहा महिने ती बसने फिरली. बर्फात लेकराला पाळणाघरात सोडायला दोन बस.

या काळात मी विम्याच्या कागदांकडे वळलो. परवान्याचे पत्र अडले तर विम्याचे चालेल, असा माझा हिशेब होता. आपल्या विम्यात माणसाची एकच गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक दावा केला की शून्य. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा. गाडी विकली तरी तो माणसासोबत जातो आणि विमा कंपनी तसे पत्र देते. ट्रंकेत मी मारुतीच्या सगळ्या पॉलिस्या जपून ठेवल्या आहेत. ५० टक्क्यांच्या ओळी एकाखाली एक लागलेल्या. पण त्या प्रत्येक कागदावर विमाधारक मी! बारा वर्षे गाडी तिने सांभाळली, त्यातली शेवटची सहा तर बहुतेक एकटीनेच, आणि पत साठत गेली माझ्या नावावर. गाडी, घर, वावर, गॅस जोडणी बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असायची आपली रीत. घरात असताना तिचे काही अडत नाही. आपल्या घरातल्या किती बायका उत्तम गाडी चालवतात, आणि त्यांच्या चालवण्याचा एकही कागद त्यांच्या नावाचा नसतो.

हा नावाचा घोळ आमच्या गावात दुसऱ्या टोकानेही दिसतो. इथे जुनी गाडी घेतात ती पुण्या-मुंबईहून किंवा अकोल्यातून. पैसे दिले, किल्ली घेतली, नारळ फोडला. नाव चढवायचे राहते, दोन-दोन वर्षे राहते. कोणाची गाडी हे गावाला माहीत असते, मग कागद कशाला? कायदा गावाला विचारत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्या नावावर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाने द्यायची. वर्षांपूर्वी गाडी विकलेला माणूस न पाहिलेल्या अपघाताचा देणेकरी झाला. खेड्यातल्या मोटर बाजारात हा निकाल मी निदान दहा जणांना वाचून दाखवला आहे. दोघांनी नाव चढवले.

मुलीचे काय झाले ते सांगतो. २०२० च्या शेवटी पत्र पोहोचले. प्रांताच्या परवाना खात्याने बारा वर्षे मान्य केली; दोन वर्षांहून जास्त अनुभव सिद्ध झाल्यामुळे तिला मधला टप्पा वगळून थेट पूर्ण जी परवान्याची चाचणी देता आली, आणि ती पहिल्या खेपेत पास झाली. विमा कंपन्यांचे मात्र वेगळे. परदेशी अनुभव किती धरायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. तिने पाच ठिकाणी विचारले. चौघांनी अनुभव कॅनडाच्या परवान्याच्या तारखेपासून धरला. एकाने पत्र पाहून काही वर्षे धरली, आणि हप्ता चार हजार आठशेवरून तीन हजार सातशेवर आला. एकच पत्र, एकच बाई. सरकारच्या लेखी बारा वर्षांची, विम्याच्या लेखी बहुतेक ठिकाणी कालची. कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आमच्या कार्यालयाच्या पत्रात परवाना कधीपासून आहे ते होते. अपघात किती, दंड किती, हे नव्हते. ते लिहायला आपल्याकडे माणसागणिक तशी नोंदच नाही. आपण गाडी मोजत आलो. माणसाचा हिशेब मागितल्यावर देणार काय? तरीही चौघांनी पत्र नुसते बाजूला सारले, ते मला आजही खटकते. जोखमी हुंडी घेणारा सावकार निदान दोन प्रश्न विचारायचा.

आता तिचे परत यायचे घाटते आहे. म्हणून मी आपल्याकडचा २००२ चा मोटर टॅरिफ पुन्हा चाळला. बोनसच्या अटी बहुतांशी त्याच चालू आहेत. त्यात एक नियम सापडला. परदेशात मिळवलेला नो क्लेम बोनस पुराव्यानिशी दाखवला, आणि तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा उतरवला, तर तो बोनस इथे देता येतो. तिच्या कंपनीला पत्र मागितले. ते दोन दिवसांत ई-मेलने आले. दावे शून्य, आणि विमाधारक म्हणून पहिल्यांदाच तिचे स्वतःचे नाव. अकोल्यातल्या एजंटाला मी ते दाखवले. त्याने असे पत्र कधी पाहिले नव्हते, पण नियमाचे कलम वाचून तो म्हणाला, "देऊ सर, कायले नाई देनार?"

गाडी मात्र तिच्या नावावर घ्यायची, असे मी त्याला बजावून ठेवले आहे.